अकरावं प्रकरण

माझ्या सासूबाई ऐंशी ओलांडल्यावरही रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की मला विचारायच्या, "आज किती पानं?" त्यांच्या आवाजात टोमणा नसायचा. शेजारच्या मुलीला परीक्षा कधी आहे ते विचारावं तितक्या सहज विचारायच्या. मी कधी दोन म्हणायचो, कधी पाच. बहुतेक वेळा ते खोटं असायचं.

त्या आधी विठ्ठलवाडीला एकट्या राहायच्या. गुडघे गेले तेव्हा आम्ही त्यांना डोंबिवलीला आमच्याकडे घेऊन आलो. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण वाचनाचं वेड विलक्षण. मोठं भिंग घेऊन खिडकीपाशी बसायच्या आणि दिवाळी अंकापासून औषधाच्या खोक्यातल्या कागदापर्यंत जे हाती लागेल ते वाचायच्या. माझी कादंबरी त्यांनी किती वेळा वाचली होती याची गणती नाही. मी दुसरी कधी लिहिणार, याची माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी होती.

माझी पहिली आणि, आता सांगायला हरकत नाही, एकुलती एक कादंबरी आली तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचो. ठिकठिकाणच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून यायचं, ते तपासून शेरा लिहायचा, हे काम. बालपण कोपरीत गेलं होतं. वडील खाडीकाठच्या मिठागरावर राखणदार होते. त्या मिठागरावरची माणसं, त्यांच्या पायांना पडणाऱ्या भेगा, भरतीचं पाणी आत घेतानाची त्यांची घाई आणि शेवटी ते आगर बंद पडलं तो उन्हाळा, एवढंच मी लिहिलं होतं. लिहिताना आपण काही मोठं करतोय असं वाटलंच नाही. पुस्तक आलं, वर्षभरात बक्षिसं मिळाली, पुढे ते अभ्यासक्रमाला लागलं. अनोळखी माणसं रस्त्यात थांबवून माझ्याच पुस्तकातली वाक्यं मला ऐकवू लागली.

नंतर काही झालं नाही. म्हणजे मी लिहीत होतो. चाळीस पानं व्हायची आणि थांबायची. एकदा एकशे दहा झाली, ती मी स्वतः फाडली. सभांमध्ये माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणायचे, एकाच कादंबरीने साहित्यात अढळ स्थान मिळवणारे. टाळ्या पडायच्या. त्या 'एकाच' शब्दावर माझी मान आपोआप खाली जायची.

एकदा ठाण्यात एका व्याख्यानमालेला माझ्याआधीच्या पिढीतले एक लेखक माझ्या शेजारी बसले होते. त्यांचंही तसंच. एक थोर कादंबरी, सगळ्या महाराष्ट्राला पाठ. कार्यक्रमानंतर वडा खाता खाता मी धीर करून त्यांना विचारलं, तुम्ही दुसरी का लिहिली नाहीत? त्यांनी खायचं थांबवलं.

"चार लिहिल्या," ते म्हणाले. "छापून आल्यात चारही. तुम्हाला त्यातल्या एकीचं तरी नाव सांगता येईल?"

मला येईना. मी आठवायचा प्रयत्न करत राहिलो आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हात पुसून उठले आणि निघून गेले. पुढे त्यांच्या निधनाच्या बातमीतही त्या एकाच पुस्तकाचं नाव होतं. त्या दिवशी मला वाटलं, न लिहिलेलं बरं. पण तेही खरं नव्हतं. न लिहिण्याची लाज निराळी आणि लिहूनही न उरण्याची निराळी, आणि मला दोन्हींची भीती वाटायची.

निवृत्त झाल्यावर मी ठरवून बसलो. दोन वर्षं लिहीत होतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाची गोष्ट होती. रासायनिक वास, रंगलेले नाले, संप, मुलांची लग्नं, सगळं होतं. माहिती तर माझ्याकडे ढीगभर होती. पण लिहून झालेलं वाचायला घेतलं की स्वतःच्याच कार्यालयीन अहवालासारखं वाटायचं. प्रत्येक वाक्य बरोबर, आणि एकातही जीव नाही.

मग एका दुपारी, बायको सासूबाईंना डॉक्टरकडे घेऊन गेली होती तेव्हा, मी एक प्रकरण एका बैठकीत लिहिलं. जेवायला उठलो नाही. ते अकरावं प्रकरण.

त्यातली हकीकत माझी नव्हती. ती माझ्या बायकोने मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सांगितली होती, एकदाच, आणि नंतर कधीही नाही.

तिचा थोरला भाऊ एकोणिसाव्या वर्षी गुजरातमधल्या एका रंगांच्या कारखान्यात कामाला गेला होता. तिथे काविळीने आठ दिवसांत गेला. तेव्हा तिचे वडील पाठीला मार बसून अंथरुणाला खिळले होते. त्यांचं हृदयही अधू होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना कसलाही धक्का बसता कामा नये. मामा परस्पर जाऊन सगळं उरकून आले. घरात कोणी रडलं नाही. आणि आईने पंधरा वर्षांच्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, भावाच्या जुन्या वह्या दिल्या आणि त्याच्या अक्षरात पत्र लिहायला सांगितलं. सात महिने ती मेलेल्या भावाची पत्रं लिहीत होती आणि वडिलांना वाचून दाखवत होती. वडील ती उशाशी ठेवायचे. उत्तरं सांगायचे, तीही तिनेच लिहून घ्यायची. एके दिवशी त्यांनी तिला जवळ बोलावलं. म्हणाले, "त्याला लिही, आता पत्रं नको पाठवू म्हणावं. तुझी दहावी आहे." त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

त्यांना कळलेलं होतं, हे तिने आईला कधीच सांगितलं नाही.

हे मी घेतलं. मुलीचा मुलगा केला, विठ्ठलवाडीचं कळवा केलं, रंगांच्या कारखान्याऐवजी जहाज आणलं. एवढं केलं की झालं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं वाटलंही नव्हतं. तसं वाटलं असतं तर मी हस्तलिखित बायकोपासून लपवलं नसतं. पहिल्या कादंबरीचं प्रत्येक पान आधी तिने वाचलं होतं. या वेळी मी म्हणालो, छापून आल्यावरच वाच, नव्याने वाचता येईल. तिने बरं म्हटलं.

हस्तलिखित मी कल्याणला माझ्या जुन्या संपादकबाईंकडे नेऊन दिलं. पहिली कादंबरी त्यांनीच घडवली होती. आता त्या काम करत नसत, पण माझं वाचणार होत्या. तीन आठवडे त्यांचा फोन आला नाही. मी रोज दहा वेळा फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. शेवटी बोलावणं आलं. गेलो तर बाईंनी समोर गठ्ठा ठेवला होता आणि त्यातली थोडी पानं बाजूला काढली होती.

"खोटं सांगू नये म्हणून एवढे दिवस घेतले," त्या म्हणाल्या. "सगळं व्यवस्थित आहे आणि सगळं निर्जीव आहे. फक्त हे अकरावं. हे जिवंत आहे. कुठून आलं हे?"

"सुचलं," मी म्हणालो.

त्या चष्म्यावरून माझ्याकडे काही वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या की बाकीचं या प्रकरणाभोवती पुन्हा उभं करा, निम्मं फेका. मी तसंच केलं. सहा महिने लागले. ठाण्यातल्या एका तरुण प्रकाशकाने हस्तलिखित दोन दिवसांत वाचून होकार दिला. त्याने जाहिरात केली, तारीख ठरवली, मुखपृष्ठ तयार करून घेतलं. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर बातमी पोचली होती. संपादकबाई काय म्हणाल्या, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि मी फुशारकीने सांगून गेलो की अकरावं प्रकरण त्यांना सगळ्यात जास्त आवडलं.

मुद्रितं घरी आली तेव्हा मी बँकेत गेलो होतो. परत आलो तर पाकीट फोडलेलं होतं आणि बायको आतल्या खोलीत दार लोटून बसली होती. हातात पेन्सिल होती. नेहमीच्या सवयीने ती चुका तपासायला बसली होती. मी दारात उभा राहिलो. ती वर न बघता म्हणाली, "तुम्ही म्हणालात छापून आल्यावर. हे छापूनच आलंय ना?" मला हसल्यासारखं करावं लागलं. ती तेव्हा तिसऱ्या प्रकरणात होती.

ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. ती स्वयंपाक करायची, आईच्या गोळ्या काढून द्यायची, दुधाची पिशवी कापून पातेल्यात ओतायची आणि काम आटोपलं की आत जाऊन वाचायची. कुठवर आलीस असं मी विचारत नव्हतो. पलंगावरच्या वाचलेल्या गठ्ठ्याच्या जाडीवरून अंदाज घेत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गठ्ठा निम्म्याहून जाड दिसला. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा तिने मला वाढलं, आईला वाढलं, आणि स्वतःचं ताट घेतलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "मलाही दे ना वाचायला, तुझं झालेलं देत जा." बायकोने सांगितलं, टाइप फार बारीक आहे, तुला त्रास होईल, पुस्तक येईलच. मग तिने सगळी पानं कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. आमच्या घरात त्या कपाटाला याआधी कधी कुलूप लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती भाजी निवडत होती. मी समोरच्या स्टुलावर बसलो. बराच वेळ ती पानं आणि देठ वेगळे करत राहिली.

"हे माझं होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो की मी सगळं बदललंय, कुणालाही ओळखू येणार नाही. ती म्हणाली, कुणालाही म्हणजे कुणाला. आईला पहिल्या पानावर कळेल. मेलेल्या भावाची पत्रं लिहायला सांगणाऱ्या आया या जगात किती असतील? मग तिने मला जे सांगितलं ते मला ठाऊक होतं, फक्त मी ते स्वतःशी कधी स्पष्ट उच्चारलं नव्हतं. तिच्या आईचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर उभं होतं. मुलगा गेला, नवरा गेला, पण नवरा निदान मुलगा सुखरूप आहे या समाधानात गेला. आपण ते पार पाडलं. या वयात तिला पुस्तकातून कळावं की त्यांना सगळं ठाऊक होतं, ते शेवटचे कितीतरी दिवस आपलं दुःख एकटेच गिळत पडून होते, आणि आपल्यासमोर नाटक करत होते?

"तू सांग," मी म्हणालो. "तू म्हणशील तसं करू."

"मला विचारू नका." तिचा आवाज चढला नव्हता. "मला विचारलंत तर मी छापा म्हणेन. तीस वर्षं तुम्हाला बघतेय मी. आणि मग आयुष्यभर ते मी म्हटलेलं राहील. तुमचं तुम्ही ठरवा."

मी उठायला लागलो तेव्हा तिने विचारलं, "आई गेल्यावर छापता येईल, असं मनात आलं ना तुमच्या?"

आलं होतं. त्या स्टुलावर बसल्या बसल्याच आलं होतं. सासूबाईंचं वय, त्यांचा रक्तदाब, मागच्या महिन्यातले रिपोर्ट, सगळं डोळ्यांपुढून गेलं होतं. मी नाही म्हणालो. तिने भाजीचे देठ कागदात गुंडाळले आणि टोपलीत टाकले.

त्या संध्याकाळी मी एक पळवाट काढायचा प्रयत्न केला. वडिलांना कळलं होतं हेच काढून टाकायचं. शेवटचं वाक्य खोडायचं, आणि वडील काही न कळता शांतपणे जातात एवढंच ठेवायचं. मग सासूबाईंनी वाचलं तरी त्यांना धक्का नाही, उलट बरंच वाटेल. मी संगणकावर ते वाक्य पुसलं आणि प्रकरण पहिल्यापासून वाचलं. काही उरलं नव्हतं. एका मुलाने वडिलांना फसवलं आणि वडील फसले, एवढीच गोष्ट झाली होती. ते वाक्य होतं म्हणून त्याआधीची सगळी पानं उभी होती. आणि ते माझं नव्हतं. तिचंही नव्हतं खरं तर. ते त्या अंथरुणावर पडलेल्या माणसाचं होतं, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रकाशकाला फोन केला आणि अकरावं प्रकरण काढायचं आहे असं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी गंभीरपणे बोलतोय. म्हणाला, सर, तुमची मुद्रितं परत आली की लगेच छपाईला जातंय, आज प्रत्यक्ष येऊन बोला. मी बायकोकडून कपाटातली अकराव्या प्रकरणाची पानं मागून घेतली, पिशवीत टाकली आणि ठाण्याची बस पकडली.

कळव्याच्या पुलावर वाहनांची रांग लागली होती. खाली ओहोटीचं पाणी होतं. इथून पलीकडे बघितलं की मी नेहमी वडिलांचं आगर कुठे होतं ते शोधतो. त्या दिवशी शोधलं नाही. मांडीवरची पिशवी मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. कोणीतरी ती ओढून घेईल असं उगाचच वाटत होतं. आणि घेतली तर बरं, असंही वाटत होतं.

प्रकाशकाने मला चहा मागवला. त्याचं वागणं अतिशय सभ्य होतं. त्याने कारण विचारलं, मी घरगुती आहे म्हणालो. कोणी हरकत घेतली आहे का, त्याने विचारलं. मी म्हणालो, नाही, तीच तर अडचण आहे. त्याला ते समजलं नाही, आणि मला समजावता आलं नाही. त्याने नावं बदलू, काळ बदलू, काही सुचवायचं बाकी ठेवलं नाही. मी प्रत्येक वेळी मान हलवत राहिलो. बाकीची कादंबरी छापा, मी म्हणालो. अकराव्याशिवाय.

त्याने टेबलावरचं मुखपृष्ठ पुढे ओढलं. त्यावर माझं नाव कादंबरीच्या नावापेक्षा मोठं होतं.

"सर, राग मानू नका," तो म्हणाला. "ते काढलंत तर उरतं काय?"

संपादकबाईंनी तेच सांगितलं होतं, पण त्यांच्या तोंडून ते मला सल्ल्यासारखं वाटलं होतं. इथे, माझ्या निम्म्या वयाच्या माणसाकडून ऐकताना ते निकालासारखं वाटलं. माझ्या नावावर तो ते तसंही छापायला तयार झाला असता, मी आग्रह धरला असता तर. नाव तेवढं मोठं होतं. मी आग्रह धरला नाही. म्हणालो, मग थांबवूया सगळंच. मी उठलो तेव्हा तो दारापर्यंत सोडायला आला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

घरी आलो तर सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर पानांचा गठ्ठा, हातात भिंग. पानं काढून देताना बायकोने कपाटाला कुलूप लावलं नव्हतं, आणि ती खाली औषधं आणायला गेली तेव्हा सासूबाईंनी स्वतः उठून गठ्ठा घेतला होता. बायको माझ्या आधी काही मिनिटंच परतली होती आणि औषधांची पिशवी हातात घेऊन तशीच उंबऱ्यात उभी होती.

"अकरावं आधी वाचावं म्हटलं, तर दहानंतर एकदम बारा आलंय," सासूबाई म्हणाल्या.

मी सांगितलं की ते काढलं. का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जमलं नव्हतं.

"बाईंना तर तेच आवडलं होतं ना? तुम्हीच म्हणालेलात."

मी काहीतरी पुटपुटलो, की त्यांचा अंदाज चुकला असेल. सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग लेकीकडे. माझ्या खांद्याला ती पिशवी होती, पिशवीत ती पानं होती. आमच्यामध्ये चार पावलांचं अंतर असेल.

"कशावर होतं ते?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. आपण तीस वर्षं लोकांना गोष्टी कशा रचाव्यात यावर भाषणं दिली, हे मला तेव्हा आठवलं. तेवढ्यात बायको आत आली, औषधं टेबलावर ठेवली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "मिठागरच होतं, आई. परत तेच. पहिल्या पुस्तकातलंच सगळं फिरवून लिहिलं होतं यांनी."

सासूबाईंचा चेहरा सैल झाला. "मग काढलंत ते बरं केलंत," त्या मला म्हणाल्या. "लोक हसले असते."

बायकोने त्यांच्या मांडीवरची पानं उचलली, नीट जुळवली आणि आत नेली. मी तिच्या पाठोपाठ गेलो. ती पलंगाच्या कडेवर बसली होती. मी पिशवीतून अकरावं प्रकरण काढून तिच्या हातात दिलं. दुसरी प्रत नव्हती असं नाही, संगणकावर होती. ती मी तिच्यासमोरच काढून टाकली. प्रकाशकालाही त्याच्याकडची काढायला सांगितलं, आणि त्याने काढली असं कळवलं. तिने ती पानं कुठे ठेवली ते मला माहीत नाही.

पुस्तक येणार नाही हे सासूबाईंना सांगणं राहिलं होतं. ते मी आठवड्याने सांगितलं. म्हणालो, कादंबरी चांगली झाली नव्हती, मागे घेतली. त्या माझ्यावर चिडल्या. इतकी वर्षं त्या जगाला सांगत होत्या की जावयाची दुसरी येतेय. आता मजल्या-मजल्यावर काय सांगायचं? "थोडं कमी चांगलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी त्या कामापुरतंच बोलायच्या. पानं किती झाली असं पुन्हा कधी विचारलं नाही. ते मला लागलं. माझ्या लिखाणाची वाट बघणारं ते शेवटचं माणूस होतं.

मी कल्याणला जाऊन संपादकबाईंना मात्र खरं सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ते तुमचं नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण मला वाटलं तुम्ही विचारून घेतलं असेल. एवढंच.

सासूबाई त्यानंतर सव्वा वर्षाने गेल्या. झोपेत गेल्या. त्यांना शेवटपर्यंत जे ठाऊक होतं तेच ठाऊक राहिलं. मी काही लपवून ठेवत नाही: त्या गेल्या त्या आठवड्यात माझ्या मनात ते प्रकरण पुन्हा वर आलं. मी ते खाली दाबलं असंही नाही. ते आलं आणि काही न मागता गेलं. बायकोपाशी मी ते बोललो नाही आणि तीही बोलली नाही.

तेराव्याला तिच्या माहेरची माणसं जमली होती. जेवणं झाल्यावर बरेच जण गेले. तिच्या दोन मावसबहिणी मागे राहिल्या होत्या. मी सगळ्यांसाठी चहा टाकला होता. बाहेरून बायकोचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता. ती त्यांना तिच्या भावाची गोष्ट सांगत होती.

मी ऐकत राहिलो. ती माझ्या प्रकरणातली गोष्ट नव्हती. माझ्या प्रकरणात वडील होते आणि पत्र लिहिणारं मूल होतं. तिच्या सांगण्यात सगळी आई होती. आई पत्राचा निळा कागद आणायला कल्याणपर्यंत चालत जायची, कारण विठ्ठलवाडीच्या पोस्टातला माणूस भाऊ गेल्याचं जाणत होता. पत्र लिहून झालं की आई औषधाच्या बाटलीचं बूच शाईत बुडवायची आणि तिकिटावर दाबायची, पोस्टाचा शिक्का दिसावा म्हणून. पहिल्यांदा शिक्का फार स्पष्ट उठला, तर तिने पदराने पुसून तो थोडा बिघडवला. मग कागद दोन दिवस तांदळाच्या डब्याखाली ठेवायची, प्रवास करून आल्यासारखा चुरगळावा म्हणून. पत्र वाचून होईपर्यंत आई मोरीत भांडी घासत बसायची. घासून झालेली भांडी पुन्हा घासायची.

यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने जेवढं सांगितलं तेवढ्यावर मी थांबलो होतो. मला पुरेसं मिळालं होतं, म्हणून पुढे विचारलंच नव्हतं.

एका मावसबहिणीने विचारलं, आणि काकांना कधी संशय आला नाही? बायको थांबली. बाहेर इतकी शांतता झाली की मी गॅस बंद केला. ती काय सांगेल, मला कळत नव्हतं. आता कोणाला दुखवायचं उरलं नव्हतं. मग तिने सांगायला सुरुवात केली, हळूहळू, मधे मधे थांबत, शब्द शोधत. कपांत चहा ओतायचा राहिला होता. पण कप वाजले तर ती थांबेल असं मला वाटलं, म्हणून मी गाळणी हातात धरून तसाच उभा राहिलो.